साडेआठशे लिटर समुद्र, दुसऱ्या मजल्यावर

ऑक्टोबर २०२४ मध्ये घरात समुद्री टँक करायचं नक्की केलं आणि त्यात पहिला मासा पोहायला लागला तो २०२५च्या सप्टेंबरात. मधलं जवळजवळ वर्ष कायदा, वजन, वीज आणि पाणी यांतच गेलं. आता टँक स्थिरावला आहे, म्हणून सगळं क्रमाने लिहून काढते आहे. मुंबईच्या फ्लॅटमध्ये एवढा मोठा रीफ टँक, म्हणजे प्रवाळांचा समुद्री टँक, करताना कोणती गोष्ट आधी करायची आणि कोणती नंतर, हे तेव्हा कुणी एका जागी सांगितलं असतं, तर माझी बरीच जागरणं वाचली असती.

आम्ही मुलुंड पूर्वेला दुसऱ्या मजल्यावर राहतो. घरात मी, नवरा, सातवीतली मुलगी आणि सासू-सासरे. गोड्या पाण्याचे टँक मी कॉलेजपासून सांभाळते आहे. समुद्री टँकची ओढ मात्र तारापोरवाला मत्स्यालयामुळे लागली. मरीन ड्राइव्हवरचं हे मत्स्यालय १९५१ साली सुरू झालं. आईने मला तिथे नेलं होतं, आणि २०१५ मध्ये नूतनीकरण होऊन अॅक्रिलिकचा बोगदा झाल्यावर मी लेकीला नेलं. गेली काही वर्षं ते बंद आहे. तेवढं मोठं काही घरात होणार नव्हतं, पण हॉलची एक पूर्ण भिंत द्यायची घरच्या सगळ्यांची तयारी होती.

दुकानात पाऊल टाकण्याआधी मी वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ च्या अनुसूची वाचल्या. हे काम पहिलं करा असं मी आग्रहाने सांगेन, कारण तुमचा रीफ कसा दिसणार हे तिथेच ठरतं. कठीण सांगाड्याचे सगळे प्रवाळ, काळे प्रवाळ, फायर कोरल, सी फॅन हे पहिल्या अनुसूचीत आहेत, म्हणजे वाघ आहे त्याच यादीत. समुद्रघोडे आणि समुद्रकाकड्याही तिथेच. शिक्षा किमान तीन वर्षांच्या कैदेची आहे. मेलेला, वाळलेला तुकडासुद्धा यातून सुटत नाही. ‘मॅडम, ये तो डेड है, सिर्फ डेकोरेशन का पीस है’ असं एका दुकानात मला सांगण्यात आलं. तसा पीस विकत घेणंही गुन्हाच आहे. शंखांपैकीही ट्रोकस निलोटिकस, टर्बो मार्मोरेटस अशा काही जाती कायद्याच्या यादीत येतात. त्यामुळे शेवाळ खायला साधी गोगलगाय आणायची म्हटली तरी आधी तिचं शास्त्रीय नाव पाहावं लागतं.

कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली, ती १ एप्रिल २०२३ पासून लागू आहे. तिच्यामुळे साइट्स या आंतरराष्ट्रीय करारातल्या प्राण्यांची चौथी अनुसूची आली, आणि असे जिवंत प्राणी बाळगणाऱ्याने केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करायची, असे नियम २०२४ मध्ये आले. मी ठरवलं की कुठल्याही यादीतली एकही जात घरात आणायची नाही. कठीण प्रवाळ अजिबात नाहीत, आयात केलेले म्हणून कुणी दिले तरी नाहीत. माझा रीफ मऊ प्रवाळांचा असेल: झोअँथिड, मशरूम, लेदर, झेनिया. खडक माणसाने बनवलेला. आपल्या राज्यात मालवणला प्रवाळ आहेत आणि खुद्द मुंबईत हाजी अली, वरळीच्या खडकांवरही आहेत. कोस्टल रोडच्या कामात तिथले प्रवाळ हलवायला महापालिकेला वनखात्याची परवानगी घ्यावी लागली आणि राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली २०२० मध्ये ते कुलाब्याच्या नेव्हीनगरकडे नेले गेले. एवढी काळजी ज्यांची घेतली जाते, त्यांचे भाईबंद आपल्या हॉलमध्ये शोभेला ठेवायचे हे माझ्या मनाला पटलं नसतं.

मग वजन. आधी डोक्यात सात बाय अडीच बाय अडीच फुटांचा टँक होता. नोव्हेंबरात स्ट्रक्चरल इंजिनिअरना घरी बोलावलं. फी बारा हजार रुपये, लेखी पत्रासकट. इमारत वीसेक वर्षांची आहे आणि स्ट्रक्चरल ऑडिट झालेलं आहे, पण त्यांना आरसीसी ड्रॉइंग हवं होतं. सोसायटीच्या कपाटात ते सापडेपर्यंत दोन आठवडे गेले. राहत्या खोल्यांसाठी भारतीय मानक आयएस ८७५ प्रमाणे चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे साधारण २०० किलो, हलता भार धरतात. आमच्या टँकचा भार त्याच्या काही पटीने निघत होता. हा आकडा पूर्ण खोलीचा विचार करून धरलेला असतो, त्यामुळे एका जागी जास्त वजन चालूच शकत नाही असं नाही. पण ते कुठे ठेवायचं आणि खाली काय आहे, याला फार महत्त्व आहे. त्यांनी बीमची जागा भिंतीवर खडूने आखून दिली, उंची दोन फुटांवर आणली आणि लांबी सहा फुटांवर. टँक बीमच्या रेषेत, भिंतीला धरून, आणि स्टँडच्या चार पायांऐवजी खाली दोन लांब चॅनेल, म्हणजे वजन पसरेल. पाणी, काच, खडक, वाळू, स्टँड आणि खालचा संप (टँकचं पाणी जिथे उतरतं आणि जिथून पंप ते परत वर नेतो ती टाकी) धरून एकूण वजन साडेतेराशे किलो ठरलं. सात फुटांचं स्वप्न सोडताना वाईट वाटलं, हे खरं. पण पत्रावर त्यांची सही आली त्या दिवशी घरातल्या प्रत्येकाचा चेहरा मोकळा झाला.

हे पत्र जोडून डिसेंबरात सोसायटीला अर्ज दिला. कमिटीची बैठक महिन्यातून एकदाच होते, त्यात डिसेंबरची झालीच नाही, म्हणून विषय जानेवारीत आला. अर्जात मी मापं, एकूण वजन, इंजिनिअरचं पत्र, चिलर (पाणी थंड ठेवणारं यंत्र) कुठे बसेल, भिंतीला भोक कुठे पडेल आणि गळती झाली तर खर्च कोण देणार, हे सगळं लिहिलं होतं. कमिटीने हमीपत्र मागितलं. आता राज्यात शंभराचा स्टँपपेपर चालत नाही, किमान पाचशेचा लागतो. नोटरीसकट हजाराच्या आत काम झालं.

खालच्या मजल्यावरच्या काकूंना मात्र मी अर्ज देण्याआधीच भेटले होते. त्यांचा एकच प्रश्न होता, “अगं, पण फुटला तर माझ्या डोक्यावरच ना?” मी त्यांना ड्रॉइंग दाखवलं, बीम दाखवला. चाचणीचं पाणी भराल तेव्हा मी बघायला येणार, असं त्या म्हणाल्या. “काकू, तुम्ही आल्याशिवाय नळच सुरू करणार नाही,” असं मी सांगितलं. तुमच्या खाली कुणी राहत असेल तर सेक्रेटरीच्या आधी त्यांच्याकडे जा.

जानेवारीच्या शेवटी ना हरकत पत्र हातात आलं आणि वीज सुरू झाली. परवानाधारक इलेक्ट्रिशियनने हिशोब केला तेव्हा दोन एसी, गिझर आणि हे सगळं मिळून मंजूर भार कमी पडत होता. भार वाढवायचा ऑनलाइन अर्ज, चाचणी अहवाल आणि फी यात फेब्रुवारी गेला. मुख्य बोर्डापासून टँकसाठी वेगळी वायर ओढली, तिच्यावर ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे विजेची गळती होताच पुरवठा तोडणारा स्विच. खारं पाणी वीज उत्तम वाहून नेतं, त्यामुळे इथे पैसे वाचवू नका. सगळे सॉकेट टँकच्या शेजारच्या कपाटात उंचावर घेतले, आणि प्रत्येक वायर आधी खाली लोंबून मग वर चढते, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी सॉकेटपर्यंत न पोचता खाली ठिबकतं. या सगळ्याला बावीस हजार लागले.

टँक बनवणाऱ्या कारागिराला मार्चमध्ये ऑर्डर दिली. आमच्या लिफ्टमध्ये सहा फुटी टँक मावणं शक्यच नव्हतं आणि जिन्याच्या वळणावरून तयार टँक नेणं धोक्याचं, म्हणून सुट्या काचा वर आणून हॉलमध्येच जोडायचं ठरलं. काच १५ मिलिमीटर, समोरची एक्स्ट्रा क्लिअर, कारण साध्या जाड काचेत लोहामुळे हिरवट झाक येते. काच टफन्ड घेऊ नका, तिला नंतर भोक पाडता येत नाही. मागच्या काचेला तीन भोकं आहेत, तीन उतरत्या पाइपांसाठी. पहिला पूर्ण सायफनवर चालतो आणि जवळजवळ सगळं पाणी शांतपणे खाली नेतो, दुसऱ्यातून थोडीशी धार जाते, तिसरा कोरडा राहतो. पहिल्यात गोगलगाय जाऊन अडकली तर तिसरा कामाला येतो. रात्री हॉलमध्ये आवाज नको असेल तर ही पद्धत फार चांगली. टँक, संप आणि वरच्या पट्ट्या मिळून पंचाण्णव हजार झाले. स्टँड पावडर कोटिंगसह अडतीस हजार.

स्टँड आला तेव्हा स्पिरिट लेव्हल बाजूला ठेवून बाबांनी, म्हणजे सासऱ्यांनी, गवंड्यांचा पाणी भरलेला लेव्हल पाइप काढला. त्यांचं आयुष्य बांधकामाच्या साइटवर गेलं आहे. एक टोक मुलीच्या हातात, दुसरं त्यांच्या. सहा फुटांत चार मिलिमीटरचा उतार निघाला. पायांखालच्या चॅनेलला शिम, म्हणजे पातळ पट्ट्या, लावून तो काढला, मग वर ईव्हीए फोमचा थर. पाण्याची पातळी दोन टोकांना सारखी नसेल तर काचेवर ताण सारखा येत नाही, आणि नंतर ते दुरुस्त करता येत नाही.

गुढीपाडव्यानंतर काचा आल्या. हमालांनी एकेक पॅनेल जिन्यावरून आणलं. जोडकाम दोन दिवसांत झालं, पण सिलिकॉनला व्हिनेगरसारखा तीव्र वास असतो आणि तो आठवडाभर घरात होता. सासूबाईंना दम्याचा त्रास आहे, त्या तेवढे दिवस नणंदेकडे राहिल्या. घरी जोडकाम करणार असाल तर हे आधीच ठरवून ठेवा.

पंधरा दिवस सुकू दिल्यावर चाचणी. काकू खुर्ची टाकून बसल्या. साध्या पाण्याने टँक भरला, प्रत्येक जोडाखाली टिश्यूपेपर ठेवले. तिसऱ्या दिवशी सकाळी मागच्या उजव्या कोपऱ्यातला कागद ओला होता. थेंबभरच, पण ओला. कारागिराने आधी बाहेरून सिलिकॉनचा आणखी एक थर मारून देतो म्हटलं. मी नाही म्हटलं, कारण सुकलेल्या सिलिकॉनवर नवं सिलिकॉन नीट धरत नाही. पूर्ण जोड ब्लेडने खरवडून काढून नव्याने भरावा लागतो. बरीच बोलाचाली झाली, शेवटी त्याने ते केलं. सुकण्यात आणि पुन्हा चाचणी करण्यात तीन आठवडे गेले. काढलेलं पाणी सोसायटीच्या बागेला आणि गाड्या धुवायला दिलं. दुसऱ्या चाचणीत आठवडाभर कागद कोरडे राहिले, तेव्हा मी काकूंना खाली जाऊन सांगून आले. अंतिम पैसे त्यानंतरच दिले. चाचणी पूर्ण होईपर्यंत पेमेंटचा एक मोठा हिस्सा हातात ठेवा.

त्याच आठवड्यात वीज बंद करून पाहिली. पंप थांबला की वरचं पाणी थोडं खाली संपमध्ये येतं. संपमध्ये तेवढी जागा रिकामी नसेल तर मुंबईत वीज जाईल त्या प्रत्येक वेळी हॉलमध्ये पाणी. पंप बंद-चालू करत पातळीची रेघ मार्करने संपच्या काचेवर ओढली. ती रेघ आजही तिथे आहे आणि तिच्या वर पाणी जाऊ द्यायचं नाही, हे घरात सगळ्यांना माहीत आहे.

पाण्याबद्दल मुंबईकर नशीबवान. तलावांचं पाणी मुळात कमी क्षारांचं असतं; आमच्या नळाला माझ्या मीटरवर टीडीएस सत्तरच्या आसपास येतो. टँकरचं पाणी आलं की तोच चारशेच्या वर जातो. तरी नळाचं पाणी थेट चालत नाही. क्लोरीन, सिलिकेट, फॉस्फेट काढायला आरओ आणि त्यापुढे उरलेले क्षार धरून ठेवणारं डीआय रेझिन लागतं, म्हणजे टीडीएस शून्य. हे यंत्र चौदा हजारांचं. साडेआठशे लिटर जमवायला दोन मोठी पिंपं आणि आठवडाभराची चिकाटी लागली, कारण आमच्याकडे पाणी ठरावीक वेळच येतं. आरओचं वाया जाणारं पाणी लादी पुसायला आणि फ्लशला वापरतो.

“समुद्र इथे आहेच की, जुहूहून दोन कॅन आणा,” असं अनेकांनी सुचवलं. किनाऱ्याजवळच्या पाण्यात सांडपाणी आणि गाळ असतो, पावसाळ्यात त्याची क्षारताही घसरते. मी समुद्री मीठ वापरते: पहिल्या भरणीला तीस किलो, सुमारे सोळा हजार रुपयांचं. क्षारता ३५ पीपीटी, म्हणजे हजार भागांत ३५ भाग क्षार. ती मोजणारं रिफ्रॅक्टोमीटर नुसत्या पाण्याने नव्हे, ३५ पीपीटीच्या द्रावणाने जुळवून घ्या. वाळूही पिशवीतली अॅरागोनाइट घेतली, किनाऱ्यावरची नाही. खडक काचेपासून चार बोटं दूर रचले, म्हणजे काच घासायचं मॅग्नेट फिरतं, आणि ते थेट तळावर टेकवून मग भोवती वाळू भरली, म्हणजे वाळू उकरणारे मासे त्यांना कोसळवत नाहीत.

पाऊस २६ मेलाच मुंबईत आला आणि चिलरचं महत्त्व कळलं. संपवर पंखा लावला तरी पुरतो, असं बऱ्याच जणांकडून ऐकलं होतं. पंख्याने पाणी बाष्प होऊन थंड होतं, पण हवाच दमट असेल तर बाष्पीभवन मंदावतं. पावसाळ्यात आणि ऑक्टोबरच्या उकाड्यात मुंबईला पंख्याचा भरवसा धरता येत नाही. मी अर्ध्या हॉर्सपॉवरचा चिलर घेतला, साठ हजारांना. तो हॉलमध्ये ठेवला तर टँकमधली उष्णता हॉलमध्येच ओततो, म्हणून ड्राय बाल्कनीत ठेवला आणि पाइप भिंतीला कोअर कटिंग करून नेले, बीम सोडून. पाणी पंचवीस ते साडेसव्वीस अंशांत राहतं. हीटर मी घेतलाच नाही.

जूनच्या पहिल्या आठवड्यात टँक ‘सायकल’ करायला घेतला. माशांची विष्ठा आणि उरलेलं अन्न यातून अमोनिया तयार होतो; एका प्रकारचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात, दुसरे नायट्रेट. हे जिवाणू खडकावर वसेपर्यंत टँक माशांसाठी विषारी. बाटलीतले जिवाणू सोडले, अमोनियम क्लोराइडने अमोनिया २ पीपीएमवर नेला आणि रोज संध्याकाळी लेकीबरोबर टेस्ट किटच्या नळ्या रंगांशी जुळवत बसले. तिने वहीत आलेख काढला. आधी अमोनिया खाली, मग नायट्राइट वर, मग तेही खाली. पाचव्या आठवड्याच्या सुमाराला टाकलेला अमोनिया चोवीस तासांत शून्य व्हायला लागला.

आणि मग टँक कुरूप झाला. आधी वाळूवर डायटम नावाच्या सूक्ष्म शेवाळाचा तपकिरी थर, मग खडकांवर हिरवे केस, मग लालसर चिकट थर. जुलै-ऑगस्टमध्ये येणारा प्रत्येक पाहुणा, “हे असंच दिसतं का?” असं विचारायचा. मलाही रात्री काळजी वाटायची, लाखो रुपये घालून आपण शेवाळ पाळतोय की काय. पण नव्या, कोरड्या खडकाच्या टँकमध्ये हे होतंच. जिवाणू, शेवाळं, सूक्ष्मजीव यांचा समतोल बसायला महिने लागतात. या काळात औषधं ओतू नका. हाताने उपटा, सायफनने ओढा, दिव्यांचे तास कमी करा, नायट्रेट आणि फॉस्फेट दोन्ही शून्यावर जाऊ देऊ नका. फॉस्फेट अगदी शून्य झालं तर डायनोफ्लॅजेलेट नावाची याहून चिवट पीडा येते. नॅसॅरिअस आणि सेरिथ गोगलगाई आणल्यावर वाळू सुधारायला लागली.

जुलैतच एकदा मुसळधार पावसात रात्री वीज गेली ती पहाटेपर्यंत आली नाही. पाणी हललं नाही तर टँकमधला प्राणवायू आधी संपतो, तापमान नंतर वाढतं. म्हणून इन्व्हर्टरवर मी फक्त लाटा करणारे पंप आणि मुख्य पंप घेतले आहेत. दिवे नाहीत, चिलर नाही. दीडशे अँपिअर-अवरच्या बॅटरीवर एवढं दहा-बारा तास सहज चालतं. टँकमध्ये तेव्हा मासे नव्हते, त्यामुळे ही रात्र छान तालमीची ठरली.

मग मासे आणले ते कुठे? बेडरूममधल्या शंभर लिटरच्या क्वारंटाइन टँकमध्ये, ऑगस्टच्या सुरुवातीपासून. हा टप्पा गाळायचा मोह सगळ्यांना होतो. समुद्री माशांचा पांढरे ठिपके आणणारा परजीवी, क्रिप्टोकॅरिऑन, खडकावर-वाळूत पुटकुळीसारखा बसून राहतो. त्यावरचं तांब्याचं औषध प्रवाळांना आणि गोगलगाईंना मारतं, म्हणून ते मुख्य टँकमध्ये घालता येत नाही. एकदा तो तिथे शिरला तर सगळे मासे बाहेर काढून टँक अडीच महिने रिकामा ठेवावा लागतो. सहसा ७६ दिवस सांगतात. क्वारंटाइनमध्ये खडक नाही, वाळू नाही, नुसते पीव्हीसीचे तुकडे लपायला, कारण खडक तांबं शोषून घेतो. महिनाभर औषध, मग काही दिवस नुसती देखरेख. तांब्याचं प्रमाण रोज मोजायचं.

मासे निवडताना क्रॉफर्ड मार्केटपासून कुर्ल्याच्या बाजारापर्यंत सगळीकडे फिरले. विकत मात्र त्याच माणसाकडून घेतले जो शास्त्रीय नाव लिहिलेलं बिल आणि आयातीच्या कागदांची प्रत द्यायला तयार झाला. काहींनी बिलच नाही म्हटलं, तिथून निघाले. क्लाउनफिश हॅचरीत वाढलेलेच घ्या. केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने त्यांच्या प्रजननाचं तंत्र केव्हाच बसवलं आहे, आणि आमच्या मुलुंडहून पूल ओलांडला की ऐरोलीला कांदळवन प्रतिष्ठानानेही शोभिवंत समुद्री माशांची हॅचरी उभारली आहे. जाळ्यात पकडलेल्या माशापेक्षा हा मासा लवकर खायला लागतो, आणि समुद्रातून एक कमी होत नाही.

सप्टेंबरात क्लाउनफिशची जोडी मोठ्या टँकमध्ये सोडली. क्लाउनफिश सगळे नर म्हणूनच वाढतात. जोडीतला मोठा आणि वरचढ असतो तो मादी होतो. आमच्या घरी ते कोण, यावर लेकीने आणि आजीने पैज लावली होती. त्यानंतर महिन्याला एखाद-दुसरा असे फायरफिश, वॉचमन गोबी आणि तिच्याबरोबर एकाच बिळात राहणारा पिस्टल श्रिंप. भांडखोर टँग मासा सगळ्यात शेवटी, नाहीतर तो आधी आलेला असला की नव्याला जगू देत नाही.

दिवाळीनंतर प्रवाळ. पहिला तुकडा होता तपकिरी लेदर कोरल. तो हलवला की दोन दिवस मिटून बसतो, घाबरू नका. मग झोअँथिड. यांच्याबद्दल एक गोष्ट नीट लक्षात ठेवा: काही झोअँथिडमध्ये पॅलिटॉक्सिन हे अतिशय जहाल विष असतं. हातमोजे आणि चष्मा घालूनच कापा, हाताला जखम असेल तर शिवू नका, आणि ते चिकटलेला खडक कधीही उकळू नका किंवा गरम पाण्याने घासू नका. त्या वाफेने घरातली सगळी माणसं आजारी पडलेली उदाहरणं आहेत. आमच्याकडे सासूबाईंना दमा असल्यामुळे हे काम मी बाल्कनीत, दार लावून करते.

मऊ प्रवाळांना कॅल्शियम फार लागत नाही, तरी अल्कलिनिटी (पाण्याची पीएच टिकवून धरण्याची क्षमता) आठ-नऊ डीकेएच, कॅल्शियम ४२०, मॅग्नेशियम १३०० च्या आसपास ठेवते. अडचण आली ती पीएचची. रात्री एसी लावून खिडक्या बंद केल्या की माणसांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड खोलीत साठतो आणि पीएच ७.८ पर्यंत उतरायचा. चिलरसाठी पाडलेल्या भोकातून स्किमरची (फेस करून पाण्यातली घाण काढणाऱ्या यंत्राची) हवेची नळी बाल्कनीत काढली, आणि तो ८.१ वर राहायला लागला.

खर्चाचा हिशोब सरळ सांगते. प्राणी येण्याआधीच पाच लाखांच्या थोडं वर गेले, त्यात सगळ्यात मोठे आकडे काच, दिवे आणि चिलरचे. मासे आणि प्रवाळ आतापर्यंत साठ हजारांचे. महिन्याला वीज साडेतीनशे युनिटच्या आसपास जास्त, म्हणजे वरच्या स्लॅबमध्ये जाऊन चार-पाच हजार. पंधरा दिवसांनी दहा टक्के पाणी बदलायला लागणारं मीठ तीन हजारांचं. खाणं, रेझिन, टेस्ट किट मिळून आणखी दोन. हे दर महिन्याला जमणार असेल तरच सुरुवातीचे लाख घाला. बजेट कमी असेल तर तीन फुटी टँक करा, पण आरओ-डीआय आणि आरसीसीबी यांवर काट मारू नका.

राहिला गावाला जाण्याचा प्रश्न. डिसेंबरात आम्ही आठवडाभर रत्नागिरीला गेलो. रोज बाष्पीभवनाने कमी होणारं पाणी ऑटो टॉप-अप भरतो, पण त्याचं पिंप आठवडा पुरेल एवढं मोठं हवं. उन्हाळ्यात आमच्याकडे रोज सहा-सात लिटर उडतं, पावसाळ्यात निम्मं. खाणं मी गोळ्यांच्या डब्यात वारांप्रमाणे भरून ठेवते, कारण नवखा माणूस मायेने नेहमी जास्तच घालतो. काकूंचा नातू रोज शाळेतून आल्यावर येऊन खाणं घालतो आणि तापमानाचा फोटो पाठवतो. कपाटाच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवला आहे: कुठला स्विच कशाचा, रेघेच्या वर पाणी गेलं तर कुठला व्हॉल्व्ह फिरवायचा, वीज गेली तर काय बंद करायचं. त्यावर इलेक्ट्रिशियनचा, इंजिनिअरचा आणि माझा नंबर आहे. दुसरी प्रत काकूंच्या फ्रीजवर लावली आहे, आणि घराची एक किल्ली त्यांच्याकडेच असते.